‘कॉम्प्युटर’ नावाची माणसे

इंग्रजी भाषेत क्रियापदाला ‘अर’ हा प्रत्यय लावला की ती क्रिया करणाऱ्याचे नाव तयार होते. मात्र तो करणारा सजीव आहे की निर्जीव, हे त्या प्रत्ययावरून कळत नाही. त्यामुळे ‘प्रिंटर’ हा छपाईचा व्यवसाय करणारा माणूसही असतो आणि छपाईचे यंत्रही, ‘रीपर’ हा शेतात पीक कापणारा मजूरही असतो आणि कापणीचे यंत्रही, ‘डिशवॉशर’ हा खाणावळीच्या मोरीवर भांडी घासणारा नोकरही असतो आणि भांडी धुणारे यंत्रही. मराठीत ही सरमिसळ सहसा होत नाही, कारण हत्यारांना नावे देण्याची मराठीची रीत निराळी आहे: चाळणारी बाई वेगळी आणि चाळणी वेगळी, लाटणारी वेगळी आणि लाटणे वेगळे, टंकलेखक वेगळा आणि टंकलेखनयंत्र वेगळे. इंग्रजीतील अशा दुहेरी शब्दांमध्ये सर्वांत मोठा आणि सर्वांत बोलका इतिहास ‘कॉम्प्युटर’ या शब्दाला लाभला आहे. मोजणे, हिशेब करणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला हा शब्द १६१३ साली रिचर्ड ब्रेथवेट या इंग्रज लेखकाच्या पुस्तकात छापलेला आढळतो, आणि तेव्हापासून सुमारे सव्वातीनशे वर्षे त्याचा सर्वसामान्य अर्थ ‘आकडेमोड करणारी व्यक्ती’ असाच होता. अशा व्यक्तीसाठी या लेखात ‘गणक’ हा जुना शब्द वापरला आहे. यंत्राने माणसाचे हे नाव घेतले ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. पण ते त्याला घेता आले याचे कारण असे, की त्याआधीची दोनशे वर्षे गणकाचे काम टप्प्याटप्प्याने इतके बारीक चिरले गेले होते की अखेरीस त्यात यंत्राला न जमणारे फारसे काही उरले नव्हते.

आकडेमोडीसाठी स्वतंत्र माणसे लागू लागली ती आकाशामुळे आणि समुद्रामुळे. एडमंड हॅली या खगोलशास्त्रज्ञाने १७०५ साली एक विशिष्ट धूमकेतू ठरावीक काळाने परत येतो असे मांडले होते आणि १७५८च्या सुमारास तो पुन्हा दिसेल असे भाकीत केले होते. परंतु गुरू आणि शनी यांच्या आकर्षणामुळे त्याच्या मार्गात नेमका किती फरक पडेल, हे काढण्यासाठी दीडशे वर्षांतील त्यांच्या स्थानांची गणना करणे भाग होते, आणि ते काम एका माणसाच्या आवाक्यातले नव्हते. पॅरिसमध्ये अलेक्सी क्लेरो या गणितज्ञाने ते अंगावर घेतले आणि मदतीला जेरोम लालांद हा खगोलशास्त्रज्ञ व निकोल-रेन लपोत ही गणितात पारंगत असलेली स्त्री यांना घेतले. सुमारे सहा महिने हे तिघे सकाळपासून रात्रीपर्यंत, प्रसंगी जेवणाच्या वेळीसुद्धा, आकडे मांडत राहिले असे लालांदने पुढे लिहून ठेवले आहे. धूमकेतू १७५९च्या एप्रिलच्या मध्यास सूर्याच्या सर्वांत जवळ येईल आणि या अंदाजात महिन्याभराची चूक असू शकेल, असे क्लेरोने नोव्हेंबर १७५८मध्ये जाहीर केले; प्रत्यक्षात तो १३ मार्चला तेथे पोहोचला. हाताने केलेल्या एवढ्या प्रचंड गणनेचे हे यश अपूर्व होते. क्लेरोने मात्र नंतर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लपोत यांच्या कामाचा उल्लेख ठेवला नाही, आणि गणकाच्या वाट्याला पुढे वारंवार आलेली ही गोष्ट अशी आरंभीच घडली.

समुद्राची गरज याहून रोजची आणि निकडीची होती. खलाशाला आपला अक्षांश सूर्याच्या किंवा ध्रुवताऱ्याच्या उंचीवरून कळत असे, पण रेखांश कळण्यासाठी त्या क्षणी ग्रीनिचला किती वाजले आहेत हे ठाऊक असावे लागे. चंद्र ताऱ्यांमधून दर तासाला साधारण आपल्या बिंबाएवढा पुढे सरकतो. तेव्हा आकाशाला घड्याळ मानून आणि चंद्राला त्याचा काटा मानून, चंद्र व एखादा ठरावीक तारा यांच्यातील कोन मोजला आणि तो कोन ग्रीनिचला कोणत्या वेळी दिसेल हे कोष्टकात पाहिले, की रेखांश काढता येत असे. ही कोष्टके वर्षातील प्रत्येक दिवसासाठी, दर तीन तासांच्या अंतराने, आधीच तयार करून छापावी लागत. राजज्योतिर्विद नेव्हिल मॅस्केलिन याने १७६७ या वर्षासाठी ‘नॉटिकल अल्मॅनॅक’ हे नाविक पंचांग सुरू केले आणि त्यासाठी इंग्लंडच्या गावोगावी आपापल्या घरी बसून काम करणारे गणक नेमले.

मॅस्केलिनची व्यवस्था चोख होती. एकाच महिन्याचे काम दोन गणकांकडे दिले जाई, एकाकडे चंद्राची मध्यान्हीची स्थाने तर दुसऱ्याकडे मध्यरात्रीची, आणि दोघांचे कागद तिसऱ्या माणसाकडे, म्हणजे ‘कंपेअरर’ किंवा पडताळणी करणाऱ्याकडे, जात. तो दोन्ही मालिका एकमेकींत गुंफून आकडे सुरळीत वाढतात किंवा घटतात की नाही ते पाही, आणि कोठे खाच दिसली की तेथे चूक आहे असे समजे. ही व्यवस्था दोन गणक एकमेकांशी बोलत नाहीत या विश्वासावर उभी होती. १७७० साली लंडनमधील जोसेफ कीच आणि रूबेन रॉबिन्स हे दोन गणक एकमेकांचे आकडे उतरवून घेताना पकडले गेले आणि त्यांना कामावरून काढण्यात आले. याच व्यवस्थेत लडलो या गावी मेरी एडवर्ड्स ही स्त्री काम करत होती. कामाची नोंद प्रारंभी तिच्या पाद्री पतीच्या नावावर होती. १७८४ साली तो वारल्यानंतर तिने मॅस्केलिनकडे स्वतःच्या नावाने काम मागितले, आणि पुढे १८१५ साली तिचा मृत्यू होईपर्यंत या पंचांगाच्या गणनेवर तिचा प्रपंच चालला. तिच्यामागून तिची मुलगी एलायझा हेच काम करत राहिली; परंतु १८३२च्या सुमारास सरकारने सर्व गणना लंडनमधील कचेरीत एकवटली, आणि सरकारी नोकरीत स्त्रियांना स्थान नसल्यामुळे एलायझाचे काम सुटले. घरच्या टेबलावरून कचेरीच्या टेबलावर गेलेल्या या कामात तिच्या कौशल्याची कसोटी कोणी घेतलीच नाही.

गणकाच्या इतिहासाला निर्णायक वळण मिळाले ते राज्यक्रांतीच्या काळातील फ्रान्समध्ये. नव्या राजवटीने मोजमापाची दशमान पद्धत आणली आणि वर्तुळाचेही ३६० ऐवजी ४०० भाग केले, त्यामुळे भूमापनासाठी लॉगॅरिदमची आणि त्रिकोणमितीची सर्व कोष्टके नव्याने तयार करणे आवश्यक झाले. लॉगॅरिदम म्हणजे मोठ्या संख्यांचा गुणाकार साध्या बेरजेवर आणून ठेवणारे आकडे. हे काम गास्पार द प्रोनी या अभियंत्याकडे आले. अ‍ॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने टाचणीच्या कारखान्याचे प्रसिद्ध उदाहरण देऊन दाखवले होते की एकाच कामाचे लहान लहान भाग पाडून ते वेगवेगळ्या हातांत दिले तर उत्पादन अनेक पटींनी वाढते. प्रोनीने लॉगॅरिदमही टाचण्यांप्रमाणे तयार करायचे ठरवले. सर्वांत वरच्या थरात मोजके नामवंत गणितज्ञ होते, त्यांनी सूत्रे निवडली. मधल्या थरातील सात-आठ जाणकारांनी त्या सूत्रांतून प्रारंभीचे आकडे काढले आणि कोरे तक्ते आखून दिले. सर्वांत खाली साठ ते ऐंशी गणक होते, आणि त्यांना केवळ बेरीज आणि वजाबाकी येणे पुरेसे होते.

हे कसे शक्य झाले ते एका सोप्या उदाहरणाने स्पष्ट होते. १, ४, ९, १६ हे क्रमाने एक, दोन, तीन आणि चार यांचे वर्ग आहेत. त्यांच्यातील फरक ३, ५, ७ असे येतात, आणि या फरकांमधील फरक प्रत्येक वेळी २ असतो. तेव्हा पाचाचा वर्ग काढण्यासाठी गुणाकाराची गरज नाही: ७ मध्ये २ मिळवून ९, आणि १६ मध्ये ९ मिळवून २५. जो गणक हे करतो त्याला वर्ग म्हणजे काय हे माहीत नसले तरी चालते. लॉगॅरिदमसारख्या अवघड राशींची कोष्टकेही हीच युक्ती अधिक थरांनी वापरून भरता येतात. प्रोनीची कोष्टके हस्तलिखित खंडांत पूर्ण झाली, त्या रूपात ती छापली मात्र गेली नाहीत. तरीही त्या खटाटोपातून एक गोष्ट सिद्ध झाली, ती अशी की गणित करण्यासाठी गणित समजलेच पाहिजे असे नाही. पुढील सर्व घटनांचे बीज या शोधात आहे आणि त्याचे महत्त्व एखाद्या यंत्राच्या शोधाहून कमी नाही.

इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने नेमके हेच ओळखले. १८२१ साली जॉन हर्शेल या मित्राबरोबर गणकांनी केलेली कोष्टके पडताळताना पानोपानी चुका सापडू लागल्या, तेव्हा ही आकडेमोड वाफेच्या शक्तीवर झाली असती तर किती बरे झाले असते, असे उद्गार त्याने काढले. प्रोनीच्या खालच्या थरातील माणसांना केवळ बेरीज करावयाची असेल तर ती बेरीज दातेरी चाके का करू शकणार नाहीत, हा त्याचा प्रश्न होता. ब्रिटिश सरकारने त्याच्या ‘डिफरन्स एंजिन’वर सुमारे १७,००० पौंड खर्च केले आणि १८४२ साली हात काढून घेतला, यंत्र पूर्ण झाले नाही. त्याच्याच पुढील आराखड्यावरून लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ साली ते बांधले, आणि ते बिनचूक चालले. शब्दाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे बॅबेजने आपल्या यंत्राला ‘एंजिन’ म्हटले. ‘कॉम्प्युटर’ हे नाव त्या काळात माणसाचे होते आणि माणसाकडेच राहिले.

त्याच काळात हिंदुस्थानात ‘कॉम्प्युटर’ हे सरकारी पद होते. ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, म्हणजे त्रिकोणांच्या जाळ्याने संपूर्ण देशाचे भूमापन करणारे खाते, डोंगरमाथ्यांवरून आणि मनोऱ्यांवरून कोन मोजून आणत असे. त्या कोनांतून अंतरे आणि उंची काढण्याचे काम गणकांचे होते. कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजात शिकलेले राधानाथ सिकदार हे १८३१ साली वयाच्या विशीच्या आतच या खात्यात दाखल झाले आणि पुढे मुख्य गणक झाले. नेपाळच्या हद्दीत प्रवेश नसल्यामुळे हिमालयातील शिखरांचे वेध बिहारच्या सपाटीवरून, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून घेतले गेले होते. एवढ्या अंतरावरून येणारा प्रकाशकिरण हवेच्या कमी-अधिक दाट थरांतून वाकून येतो आणि पृथ्वीची गोलाईही मधे येते, त्यामुळे प्रत्येक कोनात दुरुस्ती करूनच उंची काढावी लागे. या गणनेतून ‘पंधरावे शिखर’ अशी केवळ क्रमांकाची ओळख असलेले शिखर जगात सर्वांत उंच ठरले, आणि त्यातील मुख्य वाटा राधानाथांचा मानला जातो. १८५६ साली सर्वेक्षणप्रमुख अँड्र्यू वॉ याने २९,००२ फूट ही उंची जाहीर केली आणि शिखराला आपले पूर्वाधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव सुचवले. राधानाथ १८७० साली निवर्तले. खात्याच्या भूमापनविषयक ग्रंथाच्या पहिल्या आवृत्त्यांच्या प्रस्तावनेत त्यांच्या साहाय्याचा गौरवाने उल्लेख होता. १८७५च्या तिसऱ्या आवृत्तीतून तो काढून टाकण्यात आला, आणि त्याविरुद्ध ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या पत्राने आवाज उठवला. हा अन्याय होता आणि तो त्या काळातील इंग्रजी वृत्तपत्रालाही खुपला, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

मराठी प्रदेशातही या विद्येचे नाते जुने आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२०च्या सुमारास रचलेल्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथात अवघड कोष्टकांचा आधार न घेता ग्रहांची स्थाने काढण्याची रीत दिली, आणि पंचांग करणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर चालल्या. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केले आणि १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ युरोपीय कोष्टकांच्या आधारे मराठीत सिद्ध केला. संस्कृतात आणि जुन्या मराठीत ‘गणक’ म्हणजे असाच माणूस, ज्योतिषी किंवा हिशेब जाणणारा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीतील दुसऱ्या एका शब्दाने याच रस्त्यावरून, पण उलट दिशेने, प्रवास केला. ख्रिस्तोफर शोल्स याने १८६८ साली एकस्व घेतलेले लिहिण्याचे यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४च्या सुमारास बाजारात आणले. ही कंपनी बंदुकांबरोबर शिवणयंत्रेही बनवत असल्यामुळे पहिले ‘टाइपरायटर’ शिवणयंत्रासारख्या स्टँडवर बसवलेले होते, त्यांच्यावर फुलांची नक्षी रंगवलेली होती आणि ओळ संपली की पायटा दाबून गाडी मागे न्यावी लागे. १८८१ साली न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्ती युवती संघाने मुलींसाठी टंकलेखनाचे वर्ग काढले आणि थोड्याच वर्षांत हे काम स्त्रियांचे मानले जाऊ लागले. काही काळ त्या मुलींनाही ‘टाइपरायटर’ असेच म्हणत. एखाद्या कचेरीत तीन टाइपरायटर आहेत असे म्हटले तर माणसे की यंत्रे, हे संदर्भावरून ओळखावे लागे. पुढे ‘टायपिस्ट’ हा शब्द रूढ झाला आणि माणसाला स्वतःचे नाव मिळाले. येथे नाव आधी यंत्राचे होते, ते माणसाला चिकटले आणि सुटले. मराठीत टाइपरायटर आणि टायपिस्ट हे दोन्ही शब्द वेगवेगळे होऊनच आले, त्यामुळे १९५५ साली मुंबईत गोदरेजने देशी टाइपरायटर बनवला तेव्हा असा घोटाळा होण्याचे कारण उरले नव्हते.

‘कॉम्प्युटर’चे माणूसपण सर्वांत ठळकपणे दिसते ते अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत. एडवर्ड पिकरिंग हा १८७७ साली तेथे संचालक झाला, आणि दुर्बिणीला छायाचित्रणाची जोड मिळाल्यामुळे रात्रीमागून रात्री काचेच्या तबकड्यांवर आकाश उमटू लागले. एका तबकडीवर हजारो तारे असत. ते मोजण्यासाठी, त्यांची तेजस्विता ठरवण्यासाठी आणि त्यांच्या प्रकाशाच्या पट्ट्यांवरून वर्गवारी करण्यासाठी पिकरिंगने स्त्रिया नेमल्या, आणि पुष्कळींना तासाला साधारण २५ सेंट मिळत. लाकडी घोडीवर तबकडी उभी ठेवलेली असे, खालच्या आरशावरून खिडकीतला उजेड तिच्या मागून येई, आणि पांढऱ्या आकाशावर तारे काळ्या ठिपक्यांसारखे दिसत. डोळ्याला भिंग लावलेली स्त्री एकेका ठिपक्यापाशी काचेची छोटी पट्टी नेई, त्या पट्टीवर क्रमाने लहान होत गेलेले नमुन्याचे ठिपके असत; जो जुळेल त्याचा अंक ती बोलून दाखवी आणि शेजारची दुसरी तो वहीत उतरवून घेई. तबकडीवर शाईने बाण, वर्तुळे आणि क्रमांक काढलेले असत.

या कामाला केवळ आकडेमोड म्हणणे अन्यायाचे होईल. पिकरिंगच्या घरी मोलकरीण म्हणून कामाला लागलेल्या विल्यमिना फ्लेमिंग यांनी १८८८च्या एका तबकडीवर ‘अश्वमुख’ तेजोमेघ ओळखला आणि १८९९ साली त्या तबकड्यांच्या अधिकृत संग्राहक झाल्या. अ‍ॅनी जंप कॅनन यांनी ताऱ्यांच्या वर्गवारीची जी पद्धत घडवली तीच आज जगभर वापरली जाते. त्यांच्या वर्गवारीवर उभी असलेली ‘हेन्री ड्रेपर’ सूची, सव्वादोन लाख ताऱ्यांची, १९१८ ते १९२४ या काळात प्रसिद्ध झाली. हेन्रिएटा लेव्हिट यांना ऐकू जवळजवळ येत नसे. ‘लहान मॅगेलन मेघ’ या दीर्घिकेतील तेज बदलणाऱ्या ताऱ्यांची मोजणी करताना त्यांच्या लक्षात आले की जो तारा सावकाश उजळतो आणि मंदावतो तो मुळात अधिक तेजस्वी असतो. २५ ताऱ्यांवर आधारलेला हा नियम १९१२ साली प्रसिद्ध झाला. ताऱ्याचे खरे तेज कळले की दिसणाऱ्या तेजावरून त्याचे अंतर काढता येते, आणि याच मापाने एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाने पुढे देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची दीर्घिका असल्याचे सिद्ध केले. लेव्हिट १९२१ साली वारल्या. १९२५ साली नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवावे म्हणून स्वीडनहून पत्र आले, तेव्हा त्या हयात नाहीत हे पत्र पाठवणाऱ्याला ठाऊक नव्हते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गणकांची संख्या आणि त्यांच्याकडून होणारी अपेक्षा दोन्ही वाढत गेल्या. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ साली हवामानाचा अंदाज गणिताने काढण्याची पद्धत मांडताना एका विराट नाट्यगृहाची कल्पना केली: भिंतीवर पृथ्वीचा नकाशा, आपापल्या प्रदेशाचे गणित करणारे ६४,००० गणक, आणि मधल्या उंच मंचावरून, पुढे गेलेल्यांवर गुलाबी आणि मागे पडलेल्यांवर निळा प्रकाशझोत टाकून सर्वांना एका तालात ठेवणारा प्रमुख. प्रत्यक्षात १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये मंदीने बेकार झालेल्यांसाठी ‘मॅथेमॅटिकल टेबल्स प्रोजेक्ट’ सुरू झाला आणि त्यात एका वेळी सुमारे ४५० गणक काम करू लागले. त्यांतील अनेकांचे शिक्षण बेताचे होते. धन आकडे काळ्या पेन्सिलीने आणि ऋण आकडे लाल पेन्सिलीने लिहायचे, आणि काळ्यात लाल मिळवला तर काय येते याचे नियम भिंतीवर टांगलेले. गर्ट्रूड ब्लांच या गणितज्ञ स्त्रीने तक्ते अशा हिकमतीने आखले की साध्या बेरजा करणाऱ्यांच्या हातून अत्यंत विश्वासार्ह कोष्टके तयार झाली. प्रोनीची कल्पना येथे पूर्णत्वाला गेली.

याच सुमारास, १९३६ साली, अ‍ॅलन ट्यूरिंग या तरुण गणितज्ञाने गणना म्हणजे नेमके काय याचा तात्त्विक विचार मांडला. त्याच्या निबंधात ‘कॉम्प्युटर’ हा शब्द येतो तो चौकटीच्या कागदावर लिहिणाऱ्या, एका वेळी मोजकीच चिन्हे पाहणाऱ्या, आणि लक्ष विचलित झाले तर पुढे काय करायचे याची टीप लिहून ठेवणाऱ्या माणसासाठी. त्या माणसाच्या हालचालींचे पृथक्करण करूनच त्याने आपले काल्पनिक यंत्र रचले. आधुनिक संगणकाचा पहिला नमुना हा असा एक कारकून आहे.

दुसऱ्या महायुद्धाने उरलेले अंतर झपाट्याने तोडले. प्रत्येक नव्या तोफेसाठी, गोळा किती अंशांवर डागला तर कोठे पडेल हे सांगणारी कोष्टके लागत. एका कोष्टकात सुमारे तीन हजार प्रक्षेपमार्ग असत आणि टेबलावरच्या गणनयंत्राच्या मदतीने एक मार्ग काढायला कुशल गणकाला ३० ते ४० तास लागत. पुरुष आघाडीवर गेलेले असल्यामुळे फिलाडेल्फियाच्या मूर स्कूल या अभियांत्रिकी विद्यालयात गणित शिकलेल्या तरुणी भरती झाल्या. त्यांच्या पदाचे नाव ‘कॉम्प्युटर’ होते आणि वर्षाचा पगार १,६२० डॉलर. कामाचा आवाका मोजण्यासाठी ‘मुलींचे तास’ हे माप वापरले जाऊ लागले आणि एका समितीच्या सदस्याने तर ‘किलोगर्ल’ असे एककही बनवले. माणसाला एकक करणारी ती भाषा मान्य करता येण्याजोगी नाही, पण काम कोठवर येऊन ठेपले होते हे तिने उघड केले. त्याच इमारतीत जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट हे सुमारे १८,००० निर्वात नळ्यांचे, ३० टन वजनाचे यंत्र बांधत होते. त्याच्या ‘एनिअ‍ॅक’ या नावातील शेवटचे अक्षर ‘कॉम्प्युटर’चे होते.

फेब्रुवारी १९४५मध्ये बेल प्रयोगशाळेच्या जॉर्ज स्टिबिट्झ याने एका अहवालात शब्दांची वाटणी करून टाकली. क्रमाने अनेक गणिती क्रिया आपोआप करणारे आणि मधली उत्तरे साठवणारे यंत्र म्हणजे ‘कॉम्प्युटर’. आणि गोंधळ टाळण्यासाठी काम करणाऱ्या माणसांना ‘ऑपरेटर’, म्हणजे चालक, म्हणावे. एका वाक्यात माणसाचे नाव यंत्राकडे गेले आणि माणूस त्या यंत्राचा चालक झाला. त्याच वर्षी मूर स्कूलच्या गणकांपैकी सहा जणींची एनिअ‍ॅकसाठी निवड झाली: कॅथलीन मॅकनल्टी, फ्रान्सिस बिलास, बेटी जीन जेनिंग्ज, एलिझाबेथ स्नायडर, रूथ लिक्टरमन आणि मार्लिन वेस्कॉफ. सुरुवातीला त्यांना यंत्राजवळ जाण्याची परवानगीही नव्हती. जोडणीच्या नकाशांवरून त्यांनी ते समजून घेतले, आणि हजारो खटके फिरवून व तारा जोडून त्याला गणित कसे सांगायचे हे स्वतः शोधून काढले. फेब्रुवारी १९४६मध्ये यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले तेव्हा तोफगोळा जमिनीवर पडायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात त्याचा मार्ग मोजला गेला. तो कार्यक्रम रचला होता या स्त्रियांनी. रात्रीच्या मेजवानीचे निमंत्रण त्यांना नव्हते. १९८०च्या दशकात एका विद्यार्थिनीने जुन्या छायाचित्रांतील या स्त्रिया कोण असे विचारले, तेव्हा यंत्राची शोभा वाढवण्यासाठी उभ्या केलेल्या मॉडेल असाव्यात असे तिला सांगण्यात आले.

नाव लगेच सर्वत्र बदलले नाही. ट्यूरिंगला १९५०च्या निबंधात ‘मानवी कॉम्प्युटर’ असे विशेषण लावून लिहावे लागले, यावरून पारडे कोणत्या बाजूला झुकले होते ते कळते. व्हर्जिनियातील लँगली येथील विमानविद्या प्रयोगशाळेत १९३५ साली पाच स्त्रियांपासून सुरू झालेला गणकांचा विभाग युद्धानंतरही चालू राहिला. तेथील कृष्णवर्णीय गणक स्त्रियांना वेगळ्या इमारतीत बसवले जाई आणि भोजनगृहात त्यांच्या टेबलावर ‘कलर्ड कॉम्प्युटर्स’ अशी पाटी असे. त्यांच्यापैकी मिरियम मॅन ही पाटी उचलून पर्समध्ये टाकत आणि नवी आली की तीही नेत, अखेर पाटी येणे थांबले. त्यांच्यातीलच डोरोथी व्हॉन यांनी यंत्रे येणार हे ओळखून स्वतः फोरट्रॅन ही संगणकाची भाषा शिकून घेतली आणि सहकारी स्त्रियांना शिकवली. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन या अंतराळवीराने पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्याआधी यंत्राने काढलेले आकडे याच गणकांतील कॅथरीन जॉन्सन यांच्याकडून हाताने पडताळून घ्यावेत असा आग्रह त्याने धरला होता. भारतात जनगणनेच्या कार्यालयांत हे पद माणसांसाठी त्यानंतरही अनेक वर्षे राहिले. इंग्रजी लिहिताना शेवटच्या ‘ई’ ऐवजी ‘ओ’ घातला जाई, एवढाच फरक. मराठीने नव्या यंत्रासाठी ‘संगणक’ हा शब्द घडवला तो ‘गणक’ या माणसाच्या नावावरूनच, म्हणजे जी भाषा चाळणारी आणि चाळणी वेगळी ठेवते तिनेही येथे माणसाचे नाव यंत्राला दिले. अवघड गणिते तोंडी सोडवणाऱ्या शकुंतलादेवींना ‘मानवी संगणक’ म्हटले गेले तोवर उपमा उलटी फिरली होती.

या स्थित्यंतराने जगाचे भले झाले याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. कोष्टकातील एका चुकीच्या आकड्याने जहाज खडकावर जाऊ शके. ती भीती संपली, आणि वर्षानुवर्षांचे नीरस श्रमही संपले. हानी झाली ती निराळ्या जागी. यंत्राने फक्त सर्वांत खालच्या थराचे काम घेतले होते, परंतु नाव संपूर्ण घेतले. त्यामुळे मेरी एडवर्ड्स, राधानाथ सिकदार, हेन्रिएटा लेव्हिट यांनी आपल्या विवेकाने आणि नजरेने जे केले तेही मागाहून यांत्रिक वाटू लागले. प्रोनीच्या बेरीज करणाऱ्यांना आणि लेव्हिट यांना एकाच शब्दाने ओळखणे ही मुळातली चूक होती, आणि ती आजही दुरुस्त करता येते.

हार्वर्डमध्ये पाच लाखांहून अधिक काचेच्या तबकड्या जपून ठेवलेल्या आहेत. एकविसाव्या शतकात त्यांच्या संगणकीय प्रती करण्याचे काम हाती घेतले गेले, तेव्हा शाईच्या खुणांमुळे ताऱ्यांचे ठिपके झाकले जात होते. म्हणून प्रत्येक तबकडीचे आधी खुणांसह छायाचित्र घेण्यात आले, आणि त्यानंतर, ऐतिहासिक महत्त्वाच्या काही तबकड्या वगळून, त्या स्त्रियांच्या हातचे बाण, वर्तुळे आणि क्रमांक पुसून काच स्वच्छ करण्यात आली. त्यांच्या वह्या शिल्लक आहेत, आणि स्वयंसेवक त्या पानापानाने वाचून अक्षरबद्ध करत आले आहेत.